सतरा, नऊ, एक

मे १९९६. बडोद्यातल्या मतमोजणी केंद्रात तुम्ही एका लांब टेबलाशी बसला आहात. डोक्यावर पंखा आहे, पण तो बंद ठेवलाय, कारण वाऱ्यानं मतपत्रिका उडतात. सदरा पाठीला चिकटलाय. तुम्ही दांडिया बाजारात राहणारे मराठी मास्तर. पणजोबा सयाजीरावांच्या काळात नोकरीसाठी इकडे आले आणि घर इथलंच झालं. आज सरकारी हुकमावर मोजणीला आला आहात. समोर तारेची जाळी आहे. जाळीपलीकडे पक्षांचे प्रतिनिधी दाटीवाटीनं उभे आहेत. त्यांना सगळं बघता येतं, कागदाला हात लावता येत नाही.

टेबलावर मतपत्रिकांचा ढीग येऊन पडतो. पेट्या आधी उघडल्या गेल्यात, प्रत्येक पेटीतली संख्या केंद्राध्यक्षानं दिलेल्या हिशेबाशी जुळवून घेतलीय आणि मग अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकमेकींत मिसळल्यात. कुठल्या गल्लीनं, कुठल्या पाड्यानं कुणाला मत दिलं हे नंतर कुणाला हुडकता येऊ नये, म्हणून ही सरमिसळ. तुमचं काम दिसायला सोपं आहे. घडी उलगडायची, शिक्का कुठल्या चिन्हासमोर पडलाय ते बघायचं, कागद त्या खणात टाकायचा. खण भरला की मोजून गठ्ठा बांधायचा. पंजा, कमळ, कमळ, पंजा, मधूनच एखादा अपक्ष. तासाभरात बोटं आपोआप चालू लागतात.

शेजारचा गुजराती शिक्षक एक मतपत्रिका तुमच्यापुढे सरकवतो. "आ जुओ ने, साहेब."

कागदावर दोन शिक्के आहेत. एक ठसठशीत, दुसरा फिकट आणि दोन चिन्हांपलीकडे. जाळीपलीकडून लगेच आरडाओरडा सुरू होतो. एक म्हणतो, बाद करा. दुसरा म्हणतो, आमचं आहे. तुम्ही कागद उजेडाकडे धरता. शिक्का नुसत्या फुलीचा नाही. फुलीच्या चारही टोकांना बाण आहेत आणि ते सगळे एकाच दिशेनं वळलेत. फिकट ठशातले बाण मात्र उलट दिशेला वळलेले दिसतात. म्हणजे मतदारानं एकदाच शिक्का मारला, शाई ओली असताना घडी घातली आणि समोरच्या बाजूला आरशातलं प्रतिबिंब उमटलं. मत वैध आहे. घाईत घडी घालणाऱ्या कुणाचं तरी मत फुकट जाऊ नये म्हणून ज्या कुणी हा बाणांचा शिक्का योजला, त्यानं लोकशाहीसाठी एखाद्या मोठ्या भाषणापेक्षा जास्त काम केलंय असं मला मनापासून वाटतं.

सगळ्या मतपत्रिकांचं असं भलं होत नाही. कुणी शिक्क्याऐवजी अंगठा उठवलाय. कुणी दोन्ही चिन्हांवर ठळक शिक्का मारलाय. कुणी कोरा कागद घडी घालून टाकलाय. एका बाईनं, की बाप्यानं, तळाशी चक्क स्वतःची सही केलीय. मतदार ओळखू आला की मत बाद, असा नियम आहे. हे कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे जातात. तो एकेक हातात घेतो, प्रतिनिधींना दाखवतो आणि निकाल देतो. मतदाराचा इरादा स्पष्ट असेल तर मत वाचवायचं, अशी कायद्याची शिकवण आहे. तुम्ही उठून त्याच्या टेबलाकडे बघत राहता. वाटतं, एवढ्या लाखो मतांत या मूठभर कागदांनी काय होणार आहे?

सात विधानसभा मतदारसंघांचे आकडे एका कागदावर येतात. बेरीज पुन्हा पुन्हा तपासली जाते. काँग्रेसचे सत्यजितसिंह गायकवाड निवडून आले. भाजपच्या उमेदवारावर मताधिक्य १७.

सतरा. नऊ जणांनी शिक्का शेजारच्या चिन्हावर मारला असता, तर बडोद्याचा खासदार दुसराच असता. नऊ जण म्हणजे तुमच्या वाड्यातलं एक बिऱ्हाड आणि समोरच्या घरातली दोन माणसं. तुम्ही हात धुता. नखांत जांभळी शाई राहतेच.

बाहेर या. आता देशाकडे बघू.

८ मेला मोजणी सुरू झालीय आणि निकाल तुमच्या आजच्या सवयीसारखे दुपारपर्यंत संपत नाहीत. दिवसचे दिवस चालतात. दूरदर्शननं दाखवलेल्या एक्झिट पोलनं आधीच सांगितलंय की कुणालाही बहुमत नाही. तरी लोक वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांबाहेर फळ्यापुढे उभे आहेत. मुंबईत या, अशा एका फळ्यापाशी थांबा. पोरगा शिडीवर चढून जुना आकडा पुसतो, नवा लिहितो. खालून कुणीतरी विचारतो, "काय झालं रे?" आणि कुणीतरी उत्तर देतो, "तेच. अडलंय."

महाराष्ट्रात काही अडलेलं नाही. ४८ पैकी भाजप १८, शिवसेना १५, काँग्रेस १५. मुंबईच्या सहाही जागा भाजप-शिवसेना युतीकडे. देशाच्या फळ्यावर मात्र निराळंच चित्र आहे. ५४३ जागांच्या लोकसभेत बहुमताला २७२ लागतात. भाजप १६१ वर पोहोचून पहिल्यांदाच सर्वांत मोठा पक्ष झालाय. काँग्रेस १४०, तोवरच्या इतिहासातला तिचा नीचांक. जनता दल ४६, मार्क्सवादी कम्युनिस्ट ३२, निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेसमधून फुटून निघालेली तमिळ मानिला काँग्रेस २०, द्रमुक १७, समाजवादी पक्ष १७, तेलुगु देसम १६. कुठल्याही दोन आकड्यांची बेरीज करून बघा. भाजप आणि काँग्रेस यांची सोडली तर एकही २७२ ला जात नाही.

गर्दीत बेळगावहून आलेला एक गृहस्थ आहे. त्याच्याशी जरा बोला. त्याच्या मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे आहेत. सीमाभागातल्या मराठी माणसांनी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या हाकेला ओ देऊन अर्जांवर अर्ज भरले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपलं म्हणणं कुणी ऐकत नाही, तर निदान मतपत्रिकाच इतकी लांब करू की दिल्लीला ती हातात घ्यावी लागेल, असा तो निषेध. आंध्रात नळगोंड्याला ४८० उमेदवार आहेत, तिथलं गाऱ्हाणं पाण्याचं. अशा ठिकाणी मतपत्रिकेचं पुस्तक झालंय. याच वर्षी सरकार अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० करेल आणि निषेधाची ही वाट जवळजवळ बंद होईल. प्रश्न तिथेच राहील. बेळगावचा तो गृहस्थ फळ्याकडे बघत म्हणतो, "तुमचं इथं सरकार अडलंय. आमचं चाळीस वर्षं अडलंय."

मतदारानं स्पष्ट कौल दिला नाही, असं अशा वेळी म्हणायची पद्धत आहे. मला ते मान्य नाही. बडोद्याच्या टेबलावर तुम्ही पाहिलंत, मूठभर कागद सोडले तर प्रत्येक कागदावरचा कौल स्पष्ट होता. प्रत्येक ठिकाणी माणसांनी आपापल्या भागाचा, आपापल्या दुखण्याचा विचार करून शिक्का मारला. त्या सगळ्याची बेरीज एका पक्षाच्या आकारात बसली नाही, एवढंच. यापुढचं काम निवडून दिलेल्यांचं. ते काम ते कसं करतात हे बघायला तुम्हाला दिल्लीला न्यायचंय.

१० मे. पंतप्रधान नरसिंह राव राजीनामा देतात. दिल्लीत लू वाहतेय, रस्ते दुपारी ओस आहेत आणि बंगल्यांच्या आत मात्र गर्दी मावत नाही. तुम्हाला आत जाता येणार नाही. तेच तर सांगायचंय. फाटकाबाहेर पत्रकारांबरोबर उभे राहा. पांढऱ्या अँबॅसिडर येतात, काचा वर असतात, फाटक उघडतं, बंद होतं. भाजपेतर, काँग्रेसेतर पक्ष एकत्र येऊन पंतप्रधान शोधताहेत. विश्वनाथ प्रताप सिंहांना विचारलं, ते नाही म्हणाले, आणि पुन्हा गळ घालायला लोक गेले तर ते घरी सापडेनात. मग ज्योती बसू. बंगालचे एकोणीस वर्षांचे मुख्यमंत्री, बाकी सगळ्यांना मान्य. त्यांच्याच पक्षाच्या केंद्रीय समितीनं बहुमतानं नकार दिला, सरचिटणीस हरकिशनसिंग सुरजीत स्वतः अनुकूल असूनही. पुढे बसू या नकाराला ऐतिहासिक घोडचूक म्हणणार आहेत. एका पक्षाच्या बंद खोलीतल्या मतदानामुळे देशाचा पंतप्रधान ठरता ठरता राहिला, आणि त्या खोलीत कोण काय बोललं हे बंगालच्या मतदाराला कुणी विचारूनही सांगितलं नाही.

राष्ट्रपती भवनात शंकर दयाळ शर्मांपुढे खरा पेच आहे. राज्यघटनेत याचं तयार उत्तर लिहिलेलं नाही. १९८९ मध्ये राजीव गांधींचा पक्ष १९७ जागा घेऊन सर्वांत मोठा होता, पण त्यांनी सरकार बनवायला नकार दिला, त्यामुळे तेव्हाचे राष्ट्रपती व्यंकटरामन यांचं काम सोपं झालं. शर्मा सर्वांत मोठ्या पक्षाला बोलावतात. १६ मेला अटलबिहारी वाजपेयी शपथ घेतात. बहुमत सिद्ध करायला मुदत मेअखेरची. शर्मांनी पाठिंब्याची पत्रं आधी मागायला हवी होती, असं तेव्हाही अनेक जण म्हणाले. दोन वर्षांनी राष्ट्रपती के. आर. नारायणन तशी मागतील. माझं मत विचाराल तर नारायणन यांची रीत बरी, पण शर्मांच्या रीतीतही एक मोठी गोष्ट सांभाळली गेली: निकाल लागायची जागा लोकसभेचं सभागृह. दोनच वर्षांपूर्वी, १९९४ मध्ये, बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी हेच ठणकावून सांगितलं होतं की बहुमत राज्यपालाच्या मनात मोजायचं नसतं, सभागृहात मोजायचं असतं.

आता २७ मे. दिल्ली सोडा, महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात, कुठल्याही घरात या. दूरदर्शनवर लोकसभा थेट दिसतेय. विश्वासदर्शक ठरावाची चर्चा देश पहिल्यांदाच अशी घरी बसून बघतोय. खोलीत शेजारपाजारचे जमलेत. आजोबा अगदी पडद्याजवळ बसलेत. स्वयंपाकघरातून आमरसाचा वास येतोय आणि वाढायला कुणी उठत नाहीय. पाटावर बसलेली पोरंसुद्धा गप्प आहेत. ज्यांची नावं वर्षानुवर्षं फक्त छापलेली वाचली, ती माणसं हातवारे करून भांडताहेत, एकमेकांना उत्तरं देताहेत, अध्यक्ष पी. ए. संगमा हसत हसत सगळ्यांना आवरताहेत. वीज जाते. आजोबा संतापतात. अर्ध्या तासानं येते तेव्हा वक्ता बदललेला असतो.

दुसऱ्या दिवशी वाजपेयी उत्तराला उभे राहतात. संख्या जमलेली नाही हे त्यांना माहीत आहे, समोरच्यांना माहीत आहे, तुमच्या खोलीतल्या सगळ्यांनाही माहीत आहे. शेवटी ते संख्याबळापुढे मान तुकवतात आणि राष्ट्रपतींकडे राजीनामा द्यायला निघतो म्हणून सांगतात. मतदान होतच नाही. खोलीत भाजपला मत देणारे आहेत, न देणारेही आहेत. काही क्षण कुणीच बोलत नाही.

या तेरा दिवसांतली एक गोष्ट मात्र त्या खोलीत कुणी पाहिली नाही आणि ती महाराष्ट्रासाठी सर्वांत महाग होती. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पासाठी केंद्र सरकारची प्रतिहमी याच तेरा दिवसांच्या सरकारनं मंजूर केली. राज्याच्या वीज मंडळानं प्रकल्प उभारणाऱ्या अमेरिकी एन्रॉनच्या कंपनीचे पैसे थकवले आणि राज्यालाही ते देता आले नाहीत, तर केंद्रानं द्यायचे, असा तो करार. पुढे मंडळाला त्या विजेचे दर पेलले नाहीत, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि वर्षअखेर अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं वाजलं. ज्या सरकारचं बहुमत अजून मोजलंही गेलेलं नाही, त्यानं देशाला कित्येक वर्षं बांधून घालणारा असा निर्णय घ्यायला नको होता. पक्ष कुठलाही असो, त्या दिवसांत सरकारनं फक्त दैनंदिन कारभार बघावा, हा दंडक पाळलाच पाहिजे.

पुढची दोन वर्षं भराभर ओलांडू. १ जूनला कर्नाटकचे मुख्यमंत्री एच. डी. देवेगौडा पंतप्रधान होतात, तेरा पक्षांची संयुक्त आघाडी, बाहेरून काँग्रेसचा टेकू. मार्च १९९७ मध्ये काँग्रेस अध्यक्ष सीताराम केसरी टेकू काढतात, देवेगौडा जातात, इंद्रकुमार गुजराल येतात. नोव्हेंबरात पुन्हा टेकू जातो. बाहेरून पाठिंबा म्हणजे अधिकार आहे आणि जबाबदारी नाही. त्याच टेकूनं दोन वर्षांच्या आत दोन सरकारं पाडली.

१९९८ च्या फेब्रुवारीत पुन्हा मतदान. महाराष्ट्रात या वेळी सगळं उलटं झालंय. काँग्रेस ३३, शिवसेना ६, भाजप ४. काँग्रेसशी समझोता केलेल्या रिपब्लिकन पक्षाचे चार, तेही चारही खुल्या मतदारसंघांतून: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, मुंबईतून रामदास आठवले, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. कुलाब्यातून शेकापचे रामशेठ ठाकूर. दोन वर्षांपूर्वी ३३ जागा मिळवणारी युती दहावर आलीय. हे आकडे लक्षात ठेवा, वर्षभरात त्यांची गरज पडणार आहे.

आणि तेव्हाच्या बिहारमधल्या राजमहालला एक मिनिट थांबा. गंगेकाठचा संताळांचा मुलूख. अजूनही कागदाचीच मतपत्रिका, तोच बाणांचा शिक्का. भाजपचे सोम मरांडी निवडून आले. मताधिक्य ९. पाच माणसांनी मन बदललं असतं तर दुसरा कुणी दिल्लीला गेला असता. बडोद्याच्या सतरावर तुम्ही हबकला होतात ना?

भाजप १८२ वर आहे. जयललितांच्या अण्णाद्रमुकचे १८ खासदार मिळवून, तेलुगु देसमचा पाठिंबा घेऊन वाजपेयी पुन्हा पंतप्रधान होतात. २८ मार्च १९९८ ला विश्वासदर्शक ठराव २७४ विरुद्ध २६१ मतांनी जिंकतात. वर्षभरानं, १४ एप्रिल १९९९ ला, जयललिता पाठिंबा काढून घेतात. राष्ट्रपती नारायणन सांगतात, सभागृहात जा.

१७ एप्रिल १९९९, शनिवार. आता तुम्ही लोकसभेच्या प्रेक्षक सज्जात आहात. गोल इमारत, खाली हिरवा गालिचा, घोड्याच्या नालेसारखी बाकं, अध्यक्षांच्या आसनावर 'धर्मचक्रप्रवर्तनाय'. तुम्हाला बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, पुढे वाकायचंसुद्धा नाही. रखवालदाराची नजर तुमच्यावर आहे.

खाली विरोधी बाकांवर मराठी चेहरे शोधा. विरोधी पक्षनेते शरद पवार पुढच्या बाकावर आहेत, मागे महाराष्ट्राचे काँग्रेसवाले. रिपब्लिकन चौघे आहेत. समोर शिवसेनेचे सहा. दोन्ही बाजूंच्या प्रतोदांनी प्रत्येक डोकं मोजलंय आणि दोघांचाही हिशेब एकमेकांच्या अंगाला लागून आहे. बहुजन समाज पक्षाचे पाच खासदार कुठे जातील हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. त्यांच्या नेत्या मायावती उठतात आणि सरकारच्या विरोधात जातात. काँग्रेसच्या बाकावर गिरिधर गमांग बसलेत. दोनच महिन्यांपूर्वी ते ओडिशाचे मुख्यमंत्री झालेत, पण कोरापुटची खासदारकी सोडलेली नाही. सहा महिन्यांत विधानसभेवर निवडून यायचं असतं, तोवर कायद्यानं ते खासदार आहेत. सरकार पक्ष हरकत घेतो. अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी आणि महासचिव यांच्यात कागदाची देवाणघेवाण होते. बालयोगी निर्णय गमांगांच्या विवेकावर सोडतात. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ आपल्या पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणार आहेत. त्यासाठी पक्ष त्यांना काढून टाकेल.

याच तारखेला, बरोबर वर्षापूर्वी, सर्वोच्च न्यायालयानं झारखंड मुक्ती मोर्चा लाचखोरी प्रकरणात निकाल दिला होता. जुलै १९९३ मध्ये नरसिंह रावांचं अल्पमतातलं सरकार २६५ विरुद्ध २५१ मतांनी वाचलं, त्यामागच्या पैशाचा तो खटला. न्यायालय म्हणालं, पैसे घेऊन सभागृहात मत दिलेल्या खासदारावर खटला भरता येत नाही, त्याला संरक्षण आहे. तो निकाल सात न्यायमूर्तींच्या पीठानं फिरवायला ४ मार्च २०२४ उजाडलं. तुम्ही सज्जात बसला आहात त्या दिवशी मात्र खाली बसलेल्या प्रत्येकाला ते संरक्षण आहे. अशा दिवशी त्यांच्यावर पहारा कुणाचा? तुमचा आणि देशभर पडद्याला डोळे लावून बसलेल्या लोकांचा. दुसरा नाही.

लॉबीतल्या घंटा वाजतात. धावत येणारे येतात. दारं बंद होतात. पहिला टोल पडतो. खासदारानं दोन बटणं एकत्र दाबून धरायची असतात, एक मतदान सुरू करणारं, दुसरं होकाराचं, नकाराचं किंवा तटस्थतेचं. दुसऱ्या टोलापर्यंत बोट सोडायचं नाही. अवधी दहा सेकंदांचा. वरून तुम्हाला फक्त वाकलेली डोकी दिसतात. त्यांच्यातल्या एकाला राजमहालनं नऊ मतांनी पाठवलंय. नऊ मतांनी आलेला सरकारच्या बाजूला बटण दाबतो. ज्यांची बटणं नोंदली गेली नाहीत ते चिठ्ठ्या भरतात. हिरव्या चिठ्ठ्या, लाल चिठ्ठ्या. कर्मचारी बाकांमधून वाकून फिरतात. पुन्हा बेरीज.

अध्यक्ष वाचतात: दुरुस्तीच्या अधीन राहून, ठरावाच्या बाजूनं २६९, विरोधात २७०.

सत्ताधारी बाकांवर माणसं आकडा ऐकूनही उभीच आहेत. विरोधी बाकांवर जल्लोष. तुमच्या शेजारचा प्रेक्षक बोटांवर पुन्हा मोजतोय.

त्या दिवसापासून सगळे गमांगांचं नाव घेतात. थोडा विचार करा. त्यांनी मत दिलं नसतं तर २६९ विरुद्ध २६९ झालं असतं आणि घटनेच्या शंभराव्या कलमाप्रमाणे निर्णायक मत अध्यक्षांना द्यावं लागलं असतं. बालयोगी तेलुगु देसमचे, तो पक्ष सरकारच्या बाजूचा. सोझ यांनी पक्षाचा आदेश पाळला असता तर सरकार वाचलं असतं. मायावतींनी आपले पाच तटस्थ ठेवले असते तरी वाचलं असतं. अकोल्यानं, अमरावतीनं, चिमूरनं, कुलाब्यानं वर्षापूर्वी युतीचा कुणी पाठवला असता तरी वाचलं असतं. २७० पैकी प्रत्येक मत शेवटचं होतं. एका माणसाच्या डोक्यावर तो निकाल थापणं म्हणजे उरलेल्या २६९ जणांना आणि त्यांना पाठवणाऱ्या मतदारांना हिशेबातून वगळणं.

नंतरचं तुम्हाला आठवतंय. सोनिया गांधींनी २७२ चा दावा केला, समाजवादी पक्षाच्या मुलायमसिंहांनी साथ दिली नाही, २६ एप्रिलला लोकसभा बरखास्त झाली. मे ते जुलै कारगिलचं युद्ध देश काळजीवाहू सरकारच्या हाताखाली लढला. जूनमध्ये पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली. सप्टेंबरात महाराष्ट्रात लोकसभेबरोबर विधानसभेचंही मतदान झालं आणि तिथेही कुणाला बहुमत मिळालं नाही: काँग्रेस ७५, शिवसेना ६९, राष्ट्रवादी ५८, भाजप ५६. चार महिन्यांपूर्वी एकमेकांपासून फुटलेले दोन काँग्रेसवाले पक्ष ऑक्टोबरात एकत्र येऊन मंत्रालयात बसले. ते सरकार कसं जुळलं, कोणत्या अटींवर जुळलं, हेही मतदाराला फाटकाबाहेर उभं राहूनच कळलं.

त्रिशंकू लोकसभेची भीती घालणारे म्हणतात, त्यापेक्षा एका पक्षाला भरघोस द्या आणि मोकळे व्हा. भरघोस देणं हा तुमचा अधिकार आहे, न देणंही. पण १९९६ आणि १९९९ मध्ये जे दिवस देशाच्या उपयोगी पडले ते सभागृहातले होते, आणि जे महागात पडले ते बंद फाटकामागचे. लोकसभेत बहुतेक ठराव आवाजी मतदानानं मंजूर होतात, 'हो' आणि 'नाही' अशा गलक्यात, आणि तुमच्या खासदारानं काय केलं याची कुठेही नोंद राहत नाही. नोंद राहते ती मतविभाजन मागितलं तरच. पुढच्या वेळी कुणी मत मागायला दारात आला तर त्याला रस्ता, पाणी, गटार विचाराच, पण हेही विचारा की महत्त्वाच्या ठरावावर तू मतविभाजन मागशील का आणि तुझं नाव कुठल्या यादीत असेल. १७ एप्रिल १९९९ ची ती यादी लोकसभेच्या छापील कामकाजात नावानिशी आहे. ती काढून वाचा, आणि त्या दिवशी तुमच्या मतदारसंघाच्या नावानं कुठलं बटण दाबलं गेलं ते पाहून घ्या.